नऊ सह्या

"जपानातली मानसं आपल्या आळीत कशाला आनलीस, बाय?" दिनानाथकाकांनी बशीतला चहा फुंकत विचारलं.

"माणसं नाही आणली, काका. फक्त अभ्यास आहे. विद्यापीठाचा."

"तेच. अभ्यास." त्यांनी सदऱ्याच्या खिशातून चार घड्यांचा कागद काढला आणि ओटीवर हाताने सपाट केला. "स्टेशनाजवलच्या झेरॉक्सवाल्याकडं राहिला होता. माझ्या पुतन्याला मिळाला."

विनिताने कागद ओळखला. संमतिपत्र. कोरं होतं, पण वरती प्रकल्पाचं नाव होतं आणि खाली नाव, स्वाक्षरी, तारीख अशा तीन रेघा. एक प्रत कमी भरते आहे हे तिला त्याच दिवशी कळलं होतं. दुकानदाराने मोजताना चूक केली असेल, असं समजून ती घरी आली होती.

"'आपले नाव गुप्त ठेवले जाईल,'" दिनानाथकाकांनी वाचलं. चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. "गुप्त ठेवायचं तर सही कशाला घेतेस गो?"

ते हसले. विनितालाही हसावं लागलं. तोक्योच्या विद्यापीठाने घालून दिलेली पद्धत होती ती. मुलाखत देणाऱ्याची लेखी संमती हवी, त्याच्या संरक्षणासाठी.

आतल्या दारात तिची आई जिजा पदराने हात पुसत उभी होती. केव्हाच पुसून झाले होते.

"तिकडं पन वालीत टाकतात म्हने," काका म्हणाले.

"हो. मुराहाचिबु म्हणतात. गावाशी दहा व्यवहार असतात, त्यातले आठ तोडायचे. आग लागली आणि कोणी मेलं, तर मात्र जायचं."

"दोन ठेवतात?" काकांनी बशी खाली ठेवली. "मऊ आहेत जपानी." मग उठताना सहज म्हणाले, "सहाला देवलात बैठक आहे. भरलेले कागद घेऊन ये. आपल्याच मानसांचं लिहिलंयस, आपल्यालाच वाचून दाखव."

ते फाटकातून बाहेर पडले. फाटकाची कडी त्यांनी नीट लावली.

उमेळ्याच्या पुढे, खाडीच्या अंगाला असलेल्या या आळीत बेचाळीस घरं. बांधालगतची भातजमीन बिल्डरला द्यायची म्हणून एकेचाळीस घरांनी सही केली होती. शत्रुघ्नने केली नव्हती. त्याला वाळीत टाकून चौदा महिने झाले. त्याच्या मुलीच्या लग्नाला आळीतून कोणी गेलं नाही, त्याला कोणी दुकानात सामान देत नाही, वाटेत दिसला तर माणसं झाडांकडे बघतात.

विनिता तीन वर्षं जपानमधल्या एका खेड्यावर काम करत होती. १९५२ साली तिथल्या एका शाळकरी मुलीने निवडणुकीतल्या बोगस मतदानाबद्दल वर्तमानपत्राला पत्र लिहिलं, आणि गावाने तिच्या घराशी बोलणं टाकलं. भाताच्या लावणीला त्यांच्या शेतात कोणी उतरलं नाही. हे सगळं विनिताने जपानीतून शब्दकोश लावून वाचलं होतं, तक्ते केले होते. मग प्रकल्पाच्या इथल्या प्रमुख मार्गारेट मॅडम म्हणाल्या, तुलनेला इकडचं एखादं उदाहरण मिळालं तर तुझ्या प्रबंधाला वजन येईल. विनिताला उदाहरण शोधायला लांब जावं लागलं नाही.

नऊ जण बोलले होते. नऊही जणांना शत्रुघ्नला वाळीत टाकणं पटलेलं नव्हतं. त्यातले तिघे त्याच्याशी गुपचूप व्यवहारही ठेवून होते. त्याच्या पलीकडच्या घरातली विधवा सुहासिनी दिवेलागणीला कुंपणावरून त्याच्या म्हाताऱ्या आईला दूध देत होती. सही करताना तिने विचारलं होतं, "काय होनार नाय ना गो?" आणि विनिताने शिकवल्याप्रमाणे मजकूर पूर्ण वाचून दाखवला होता.

नाक्यावरच्या पीसीओतून तिने मॅडमना फोन लावला. बाहेर बाकावर दिनानाथकाकांचा पुतण्या पेपर वाचत बसला होता. तिने काचेकडे पाठ केली.

"कागद घेऊन तू इकडे शहरात निघून ये," मॅडम म्हणाल्या.

"पिशवी घेऊन मी एसटीत बसले तर नाक्यावरच बघतील, मॅडम. बाहेर माणूस बसलाय."

"घरात लपव."

"घर बघायला त्यांना कोणाची परवानगी लागत नाही."

"फॉर्म गेले तर त्या नऊ मुलाखती धरता येणार नाहीत. टेपसुद्धा नाही वापरता येणार. प्रबंधातलं तुझं हे प्रकरण जाईल. मुदतवाढ मिळेल असं मी सांगू शकत नाही."

"हो."

"फॉर्म नष्ट कर असं मी तुला म्हणू शकत नाही, विनिता."

"नाही, मॅडम."

"एवढंच. सांभाळ."

घरी आल्यावर तिने न्हाणीतला बंब पेटवला. भर दुपारी बंबाचा धूर बघून लोक काय म्हणतील, हे मनात आलं तशी तिने आईला न्हायला बसवलं. नऊ कागद तिने एकेक करून घातले. कागद जाडसर होता, विद्यापीठाचा. आधी कडा काळ्या झाल्या, मग मधला भाग उचलला गेला. चौथ्या कागदावरचा अंगठा जळायला वेळ लागतो आहे असं तिला वाटलं. तो भास होता. शाई आणि कागद एकाच वेळी जळतात. मग तिने दोन कॅसेटींच्या फिती ओढून काढल्या आणि त्याही आत लोटल्या. प्लॅस्टिकचा वास न्हाणीभर झाला.

"मला का नाय विचारलंस?" आई पाठमोरी बसून म्हणाली.

"काय?"

"शत्रुघ्नचं. सगल्यांना विचारलंस."

"घरच्या माणसाची मुलाखत चालत नाही, आई."

आईने अंगावर तांब्या ओतला. "त्याला वालीत टाकला तेव्हा मी पन हो म्हनाले होते," ती म्हणाली. "तुझा बाबा नव्हता. एकटी काय करनार."

सहाला सभामंडप भरलेला होता. शत्रुघ्नचं सोडून प्रत्येक घरातून एक माणूस. विनिता आईशेजारी, मधल्या मोकळ्या फरशीवर बसली. तिच्या डाव्या पापणीखाली काहीतरी उडत होतं, ते कोणाला दिसत असेल का, याचाच ती विचार करत होती.

"कागद?" दिनानाथकाका म्हणाले.

"जाळले."

कोणीतरी खोकलं.

"बरं झालं. कचरा गेला." काकांचा आवाज चढला नाही. "मग तोंडी सांग. कोन कोन बोललं? नावं सांग आनि घरी जा. तुझ्यावर कोनाचा राग नाय."

"मला आठवत नाही, काका."

"एवढी शिकलीस, जपानी येतं, आनि आपली मानसं नाय आठवत?"

लोक हसले. नऊ जणही हसले असणार. विनिताला नऊही नावं पाठ होती, कोणाच्या घरी किती वाजता बसली होती तेसुद्धा.

"ठीक," काका म्हणाले. "जिजावयनीच्या घराशी आजपासून आपला संबंध नाय. ज्यांना कबूल, त्यांनी हात वर करा. शत्रुघ्न नाय, हे घर नाय. चालीस हात मला दिसले पायजेत. जो हात दिसनार नाय, ते नाव मी समजेन."

हात वर होऊ लागले. विनिता सवयीने मोजू लागली. वीस. एकतीस. सदतीस, अडतीस. एकोणचाळीस.

खांबाशी बसलेल्या सुहासिनीचा हात मांडीवरच होता.

तिच्याकडे बघायचं नाही. आपण बघितलं, तर काका आपल्या नजरेमागून तिथे पोचतील. तिने मान खाली घातली आणि फरशीवरच्या हळदीच्या डागावर डोळे रोखले. वर कर, ती मनात म्हणत होती. कर ना. कर. एवढी कळवळून तिने आजवर कशाचीच मागणी केली नव्हती. कोणी हलत नव्हतं. काकांच्या अनवाणी पायांचा, वळण्याचा आवाज आला.

"सुहासिनीवयनी? तुमचं काय?"

पुढचे क्षण तिने मोजले नाहीत.

"चालीस," काका म्हणाले.

विनिताने आईला दंडाला धरून उठवलं. दारापर्यंत जायला माणसांमधूनच वाट होती, आणि त्या दोघींचा पाय लागू नये म्हणून दोन्ही बाजूंच्या लोकांनी पाय आखडून घेतले. सुहासिनीनेही घेतले, इतरांपेक्षा जरा लवकरच.