फुगीर आरशातला ट्रक

बाबांचं काचेचं दुकान होतं आणि फुगीर आरशाला ते सरळसरळ खोटारडा म्हणत. घरच्या गाडीचा उजवा आरसा फुटला, तेव्हा त्यांनी स्वतः सपाट काच कापून तिथं बसवली. त्याच गाडीवर लेक शिकली. अंतर तिच्या डोळ्यांत मुरलं ते त्या काचेतून: मागचं वाहन अंगठ्याच्या नखाएवढं दिसलं, की वाट मोकळी.

आज ती रुग्णवाहिकेच्या स्टिअरिंगवर होती. शेजारी रुग्णालयाचे मुख्य चालक. ही फेरी त्यांच्या पसंतीस उतरली तरच नोकरी.

"घ्या उजवीकडे," ते म्हणाले.

आरशात एक ट्रक होता, नखाएवढा. तिनं इंडिकेटर दिला, स्टिअरिंग वळवायला घेतलं. तेवढ्यात त्याच आरशात तिला आपल्याच गाडीच्या उजव्या बाजूच्या मागच्या दाराची कडी दिसली. निघताना तिनं ती मुठीत धरून ओढली होती. इथं ती तांदळाच्या दाण्याएवढी उरली होती. हाताशी असलेली वस्तू जो आरसा इतकी दूर लोटतो, त्यानं ट्रकला कुठं नेऊन ठेवलं असेल?

तिनं स्टिअरिंग झटक्यात सरळ केलं. मागं स्ट्रेचर धाडकन आपटलं आणि खिडकी व्यापून टाकत ट्रक गरजत पुढे गेला.

"इंडिकेटर दिलात, मग बिचकलात का?"

"बिचकले नाही. आरसा फुगीर आहे, हे उशिरा लक्षात आलं. आमच्या गाडीला सपाट आहे."

"सपाट? कुणा शहाण्यानं बसवला?"

"बाबांनी."

"अरे देवा! म्हणजे शेजारून जाणारं अर्धं जग त्यांना दिसतच नसणार."

"दिसतं तेवढं खरं दिसतं, असं म्हणतात ते."

मुख्य चालक खो खो हसले, मग एकदम गंभीर झाले. "पुन्हा घ्या."

तिनं आरशात पाहिलं. दिसलेलं अंतर मनातल्या मनात निम्मं केलं, मान वळवून खात्री केली आणि गाडी अशी उजवीकडे नेली, जणू रस्ताच सरकून तिच्याखाली आला.

मुख्य चालकांनी गाडी रुग्णालयाकडे घ्यायला सांगितली. मग म्हणाले, "घरचा तो आरसा आजच्या आज बदला."

"बाबा ऐकायचे नाहीत."

"ऐकतील. रुग्णवाहिकेची चालक सांगतेय म्हणावं. उद्या सकाळच्या पाळीला या."