कोथिंबिरीचे पांढरे तुरे

अंजनाच्या जिवाला थारा नव्हता. ओसरीवर फवारणीचा पंप येऊन बसला होता आणि येता-जाता तिचा पदर नेमका त्यालाच अडकत होता. सासऱ्यांनी, भाऊसोंनी, साफ सांगितलं होतं, "दसऱ्यापतोर बघीन. वांग्यावरचा मावा न्हाई हटला, तर औषध मारणार. तुझ्या फुलांची आरती ओवाळाय वांगी लावल्याली न्हाईत."

बहात्तरचा दुष्काळ सरला, विहिरीला पाणी आलं, आणि गावात जो तो पंप पाठीला लावून फिरू लागला. भाऊसो तरी मागं कसे राहतील? पण मागच्या साली त्याच औषधानं घात केला. फवारलेल्या बांधावरचं गवत खाऊन दुभती म्हैस तोंडाला फेस येऊन गेली. तिची मागं राहिलेली रेडी अंजनानं पेज पाजून जगवली होती आणि ती आता त्याच रानात चरत होती. परत औषध मारलं, तर ती मुकी कुणाला विचारून तोंड लावणार?

माहेरी, कोरेगावकडं, अंजनाची आई वांग्याच्या कडेनं झेंडू लावायची आणि कोथिंबीर मुद्दाम फुलू द्यायची. त्या फुलांवर लाल पाठीचे, काळ्या ठिपक्यांचे किडे यायचे. तेच वांग्यावर उतरून पानांचा रस पिणारा मावा फस्त करायचे. अंजनानं इथं वांग्याच्या बांधावर तसंच केलं, तर गल्लीभर हसू झालं. "कोथमीर खायाची सोडून बघत बसतीया बया!" सासू, तानुबाई, म्हणायची. आणि किडे काही येईनात! अंजना भाकरी तव्यात टाकून रानात पळायची, पानं उलटून बघायची. भाकरी करपायची, बोलणी बसायची, की परत पळायची.

खंडेनवमीला अवजारं पुजली. भाऊसोंनी पंपालाही हळदकुंकू लावलं. त्याच दुपारी तिला किडे दिसले. कोथिंबिरीच्या पांढऱ्या तुऱ्यांवर नुसती गर्दी! एक तर वांग्याच्या पानावर मावा खात बसला होता. आनंदानं तिचे डोळेच भरले, पण सांगायचं कुणाला?

संध्याकाळच्या गाडीनं तिचा नवरा सयाजी मिलिटरीतून रजेवर आला. वडीलधाऱ्यांसमोर नवऱ्याशी बोलायची त्या घरात रीत नव्हती. ओसरीवर भावकी जमली. अंजना चहा ठेवून मुकाट आत गेली. तानुबाई लेकाला सांगत होती, "तोरणाला फुलं आनाय पायजेत रं. ही बया कुनाला हात लावू देत न्हाई." दाराआड अंजना नुसती तळमळली. निजायच्या वेळी सांगावं म्हटलं, तर दमलेला गडी बापाशेजारीच आडवा झाला.

फौजेतला माणूस, पहाटे उठायची खोड. अंजना सडा टाकायला दारात आली आणि बादली हातातच राहिली. चौकटीवर मनगटाएवढं जाड तोरण होतं, झेंडूत कोथिंबिरीचे तुरे खोवलेले. सयाजी आईकडं बघत, पण बायकोला ऐकू जाईल असं म्हणाला, "बांध पार साफ केला, आई. लय माजला हुता. ऱ्हायल्याली कोथमीर रेडीम्होरं टाकली. आता हिला खुरपाय नगं." बिचाऱ्यानं मायेनंच केलं होतं. तेच तर नडलं.

अंजनानं वर बघितलं. एका तुऱ्यावरून लाल किडा सरकत होता. तिनं बादली आपटली, उंबऱ्यावर चढली आणि तोरणाची गाठ सोडली.

"अगं अवदसे! दसऱ्याचं तोरण काढतीस?" तानुबाई किंचाळली. भाऊसो दात घासता घासता थांबले.

"आवं," अंजना नवऱ्याला म्हणाली, सगळ्यांसमोर, डोईवरचा पदर घसरलेला. "बघत काय ऱ्हाताय? दुसरं टोक धरा. हळू! ह्यात माझं किडं हायत!"

सयाजीनं आजवर साहेबाचे हुकूम ऐकले होते. हा त्याहून वरचा निघाला. त्यानं टोक धरलं. दसऱ्याच्या सकाळी नवराबायको तोरण घेऊन गल्लीतून निघाले आणि लोक दाराबाहेर येऊन बघत राहिले. वांग्याच्या झाडांना तोरण बांधताना तिनं रडत रडत त्याला सगळं सांगितलं.

"आगं, मग काल बोलाय न्हाई व्हय?"

"कवा बोलू? तुमी भावकीत, मी चुलीम्होरं!"

सयाजीनं बोडक्या बांधाकडं बघितलं आणि तोरणाची गाठ पुन्हा आवळली. मागून भाऊसो आले. तोरणातून उतरलेला एक किडा पानावर मावा खात होता. म्हातारा वाकून बघत बसला. मग गुडघ्यावर हात टेकून उठला आणि घराकडं चालू लागला.

सांजेला लोक सोनं द्यायला आले. शेजारचे नानासो चौकटीकडं बघून म्हणाले, "भाऊसो, सणाचं दार भुंडं कसं वं?"

आत अंजना दाराआड सरकली.

"आमचं तोरण यंदा वांग्यात बांधलंय," भाऊसो म्हणाले. मग लेकाकडं वळून खेकसले, "आनि सयाजी, त्यो पंप माळ्यावर टाक रं. येनाऱ्याजानाऱ्याच्या पायात येतोय."