नावडता विद्यार्थी

"आजी, तुझा सगळ्यात नावडता विद्यार्थी कोण होता गं?"

प्रश्न माझा नव्हता. वर्गातल्या एका बडबड्या मैत्रिणीने, आम्ही तिला टकळीच म्हणतो, मधल्या सुट्टीत पैज लावली होती. "तुझी आजी म्हणजे साक्षात हेडबाई. अजूनही अख्खं गाव तिच्यापुढे चळाचळा कापतं. हिंमत असेल तर विचारून दाखव." आणि हल्ली माझी हिंमत जरा जास्तच झालीये. वक्तृत्व स्पर्धेत पहिली आल्यापासून ही पोरगी दगडालाही बोलायला लावेल, असं आई म्हणते. कौतुकाने नाही म्हणत.

आजी खाटेवर बसून मटार सोलत होती. तिला आता जवळजवळ दिसत नाही, पण बोटं थांबत नाहीत. ती थांबलीही नाही.

"तुझा बाप," ती म्हणाली.

मी खो खो हसले. टकळीला सांगायला काय मसाला मिळाला! पण आजी हसली नाही.

"नावडता नव्हता गं. नावडता ठेवला."

मग ती बोलायला लागली, आणि आजी एकदा शिकवायला लागली की मध्ये बोलायची सोय नाही.

"एक खोली, चार वर्ग, आणि मी एकटी. पहिलीला पाढे लावून द्यायचे, दुसरीकडे वळायचं, तोवर तिसरी-चौथीने लिहायचं. ज्यांच्याकडे पाठ असेल त्यांचं पाठीने ऐकायचं. त्यात हा पहिलीत आला. पहिल्याच आठवड्यात कुणीतरी फळ्यावर लिहिलं, 'बाईंचा लाडोबा'. मी पुसलं आणि घरी येऊन त्याला बजावलं, उद्यापासून शाळेत मला आई म्हणायचं नाही. बाई म्हणायचं. तो हात वर करायचा. उत्तर यायचंच त्याला. मी मुद्दाम दुसऱ्याला विचारायचे. रोज. चौथीत त्याने हात वर करणं सोडलं. आणि मला काय वाटलं सांगू? हुश्श वाटलं. कटकट मिटली."

"पण घरी तरी..."

"घरी तरी मी आई कुठे होते?"

ते मला माहीत होतं, निदान ऐकून. आजोबा लवकर गेले. अंथरुणाला खिळलेली सासू, शिकणारे दोन दीर, पदरात दोन मुलं. पहाटे सगळ्यांचा स्वयंपाक, मग शाळा, परत आल्यावर घरची शाळा. दिरांना नोकऱ्या लागल्या, लग्नं झाली, पोरंबाळं झाली. प्रत्येकाच्या बाळंतपणाला, आजारपणाला हीच. माझी आई लग्न होऊन आली तेव्हा तिचं शिक्षण अर्धवट होतं. आजीने स्वतः शेजारी बसून तिचा अभ्यास घेतला, म्हणून आज आई दवाखान्यात नर्स आहे. घरातल्या प्रत्येकाला आजीने कुठे ना कुठे पोचवलं. फक्त बाबा घरीही 'बाई' म्हणायला लागले, आणि ते कुणाला दुरुस्त करता आलं नाही.

आत्या शाळेत जायला लागली तोवर आजीची बदली शेजारच्या गावात झाली होती. आत्याला दुसऱ्या बाई मिळाल्या, म्हणून तिला आई मिळाली. आत्या रोज फोन करते, "आई गं, जेवलीस का?" आणि माझे एवढे मोठे, केस पिकलेले बाबा दारात उभे राहून विचारतात, "बाई, औषध घेतलंत?" आजवर मी मैत्रिणींना याची नक्कल करून दाखवायचे. सगळ्या पोट धरून हसायच्या.

त्या दिवशी मात्र मला ती नक्कल करावीशी वाटली नाही. कारण रविवारी आत्याची गाडी येणार होती. आजीला न्यायला. कायमचं.

झालं असं, की मागच्या महिन्यात आजी न्हाणीघरात पडली. दुपारी आई दवाखान्यात, बाबा दूध डेअरीवर, मी शाळेत. कितीतरी वेळ ती तशीच पडून होती. आत्या म्हणाली, "मी नेते तिला." बाबा म्हणाले, "बाई म्हणतील तसं." आजी म्हणाली, "तो म्हणेल तसं." आणि झालं! दोघांपैकी कुणीही काहीही न ठरवता सगळं ठरून गेलं.

"आजी, तुला जायचंय का?"

आता बोटं थांबली.

"नाही."

"मग बाबांना सांग ना!"

"या घरात मला भिंती पाठ आहेत. तिथे मी बसवतील तिथे बसणार." तिने मांडीवरची सालं चाचपून गोळा केली. "पण त्याला नको असेन तर? ज्याला मी बोलूच दिलं नाही, त्याला कोणत्या तोंडाने म्हणू, मला ठेवून घे?"

मी तडक मागच्या खोलीत गेले. बाबा आजीच्या ट्रंकेची कडी बसवत होते.

"बाबा, आजीने जावं असं तुम्हाला वाटतं?"

"त्यांचं लेकीशी जमतं. तिथे बऱ्या राहतील."

"तुम्हाला काय वाटतं ते विचारतेय मी."

"माझ्या वाटण्याचं काय एवढं?" हे ते इतकं साधं म्हणाले, की मला भांडताही येईना.

"तिला जायचं नाहीये. तिने आत्ता सांगितलं मला."

बाबा उठले. हातात स्क्रू ड्रायव्हर तसाच. मी मागोमाग. ते आजीच्या दारापर्यंत गेले आणि उंबऱ्यावर थांबले.

"कोण?" आजीने विचारलं.

"मी. बाई, ट्रंकेची कडी बसवलीये."

"बरं."

"काही हवंय?"

"नको."

मग बाबा परत फिरले. एवढंच. मला किंचाळावंसं वाटलं. टकळीला मी काहीही सांगितलं नाही.

शनिवारी आई आजीच्या कपड्यांच्या घड्या घालत होती. मध्येच एक शाल तोंडाशी धरून बसून राहिली. मी अंगणात जाऊन आत्याला फोन लावला आणि सगळं सांगितलं.

"अगं, पण दादा काही बोललाच नाही!"

"ते बोलणार नाहीत आत्या. आजीही नाही बोलणार."

आत्या रडायला लागली. मग नाक ओढत म्हणाली, "सगळं खरं. पण दुपारी कोण बघणार तिला? परत पडली तर? सांग."

मी अंगणात फेऱ्या मारत राहिले. फोन चालूच होता. मग मी तिला दुपारसाठी एक उपाय सांगितला. 'नक्की ना?' असं तिने दोनदा विचारून घेतलं.

रात्री जेवताना आजीचं ताट तिच्या खोलीतच गेलं होतं. मी आईबाबांच्या समोर उभी राहिले.

"उद्या आत्याची गाडी येणार नाही. मी फोन करून सांगितलंय. आजी तिच्याच खोलीत राहील, रात्री मी तिच्याजवळ झोपेन. सोमवारी मी शाळेत अर्ज देणार, सकाळच्या पाळीत जाण्यासाठी. सकाळी आई घरी असते, दुपारी मी असेन. माझ्या सगळ्या मैत्रिणी दुपारच्या पाळीत आहेत, वक्तृत्वाच्या बाईही दुपारीच येतात, हे मला माहीत आहे आई, तू नको सांगूस. रडून झालंय माझं. आणि बाबा, तुम्हाला काही बोलायचं असेल तर आत जाऊन तिच्याशी बोला. नाही जमलं तरी चालेल. ती इथेच राहणार आहे."