शेवटची वीस मिनिटं

मी एक डीव्हीडी बोलतेय. माझ्या पोटात हॉलिवूडचा एक जुना, काळा-पांढरा सिनेमा आहे. नवरा-बायकोचं बिनसतं, बायको बॅग भरते आणि शेवटी नवरा धावतपळत स्टेशनवर येऊन तिला थांबवतो. रडका आहे, पण मला त्याची मुळीच लाज वाटत नाही.

ग्योतोकुच्या एका जुन्या वस्तूंच्या दुकानातून सुलेखानं मला हिगाशी-कसाईच्या फ्लॅटमध्ये आणलं. ती पुण्याची. नवरा उल्हास इथं एका जपानी सॉफ्टवेअर कंपनीत. रविवारी जेवणं झाली की दोघं मला लावत. ती रुमाल घेऊनच बसे. आठवडाभर ऑफिसात राबलेला उल्हास मात्र सिनेमातल्या बायकोची बॅग भरून होईतो घोरायला लागे. शेवटची वीस मिनिटं त्यानं कधी पाहिलीच नाहीत. मला भारी राग यायचा, पण मी त्याला चिमटा काढणार कशी?

मग २०११च्या मार्चमधला तो मोठा भूकंप झाला. मी शेल्फवरून पडले ती थेट सोफ्याखाली गेले. धक्के थांबेनात, अणुभट्टीतून किरणोत्सर्ग होत असल्याच्या बातम्या येऊ लागल्या, ओळखीची कुटुंबं भराभर भारतात निघाली. सुलेखानंही स्वतःचे आणि लेकीचे, अक्षयाचे, कपडे भरले.

"तूही चल ना," ती म्हणाली.

"आमचे मॅनेजर साइतो-सान रोज ऑफिसात येतायत, अख्खी टीम येतेय. मी कसा निघू?"

"मग आम्ही थांबू का?"

"तुला हवं तसं कर. मी अडवणार नाही."

बिचाऱ्याला वाटलं, आपण किती समजूतदार! सोफ्याखालून मी नुसती ऐकत राहिले. दुसऱ्या दिवशी मायलेकी गेल्या.

जूनमध्ये अक्षयाची शाळा पुण्यात सुरू झाली. फोन आधी रोज यायचे, मग रविवारी, मग फक्त अक्षयापुरते. अशी दोन वर्षं गेली.

एका रविवारी सोफा सरकवताना मी उल्हासला सापडले. त्या दुपारी तो शेवटपर्यंत जागा राहिला. सिनेमा संपताच त्यानं फोन लावला.

"सुलेखा, परत ये. मला तू हवी आहेस."

 ती म्हणाली, "हेच ऐकायला नारिता विमानतळावर शेवटच्या अनाउन्समेंटपर्यंत फोन हातात धरून बसले होते मी. आता नाही रे जमायचं. वकिलांना भेटून आलेय."

आता तो मला दर रविवारी लावतो. स्टेशनचा प्रसंग संपला की मागे नेतो, पुन्हा लावतो आणि त्या नटाबरोबर स्वतःही मराठीत म्हणतो, "जाऊ नकोस." माझ्यातली बायको दर वेळी वळते आणि हसते. मला दुसरं काही दाखवता येत नाही हो! त्याच्या घरी येणारं कुणी हे ऐकत असेल, तर एवढंच करा, मला त्याच्या हातातून काढून घ्या.