कुंडीखालचा पाईप

"प्यायली! प्यायली!" एकच गलका झाला आणि मागच्या अंगणातल्या चाळीसेक माणसांनी हात जोडले.

कोणापुढे? तर संडासाच्या भांड्यापुढे. हसू नका, हात जोडणाऱ्यांत दोघे चांगले शिकलेले होते.

भूतं उतरवणारा बाबा बाथरूमच्या दारात उभा होता. अंगाला अत्तर इतकं, की बाबाच्या आधी वासच घरात शिरायचा. "बघा बाळांनो! आत्ता बादलीभर पाणी ओतलं ना? कुठं गेलं? तहानलेली आहे ती! जन्माची तहानलेली!" भांड्याच्या पोटातून घसा खाकरल्यासारखी 'गुर्र… गळ्ळ' झाली होती आणि पाणी सगळ्यांच्या डोळ्यांदेखत खाली गेलं होतं. पाठोपाठ घाण सुटली. "हा तिचा श्वास!" बाबा म्हणाला. लोकांनी नाकं दाबली आणि आणखी एक पाऊल पुढे सरकले.

ती हडळ जिच्या अंगात शिरली होती म्हणे, ती धाकटी सून शेजारच्याच खोलीत खाटेवर बसून हे ऐकत होती.

खोली नवीनच होती. नवरा बोटीवर नोकरीला. तो परतायच्या आत दोघांना अंगणात वेगळी खोली, लागून अंगणात दार उघडणारं बाथरूम, असं सासूनेच उभं राहून बांधून घेतलं. पहिल्या आठवड्यातच भांडं गुरगुरायला लागलं, घाण यायला लागली, धाकटीचं डोकं ठणकायला लागलं. "आई, बाथरूममध्ये काहीतरी चुकलंय," ती एवढंच म्हणाली. सासूने नाक वर केलं. तिने बांधून घेतलेलं चुकेल कसं? आणि बाथरूम चुकत नाही म्हटल्यावर चुकायला सूनच उरली.

मग सासूने बोलावलेला बाबा आला आणि खोलीला बाहेरून कडी बसली. फोन सासूच्या कपाटात गेला, ताट खिडकीच्या गजांतून यायला लागलं. भिंतीला हात लावून निघालं की एकोणीस पावलांत पुन्हा खाट. असे बारा दिवस. ओरडून पाहिलं, तर बाबा म्हणाला, ती ओरडतेय. गप्प बसली, तर ती दबा धरून बसलीय. रडली तर ती रडतेय. धाकटीच्या तोंडून धाकटीला बोलायची सोयच ठेवली नव्हती.

आणि आज चार वाजता जीप येणार होती. बाबाच्या डेऱ्यावर चाळीस दिवस. तिथून कोणाची सून कशी परत आली, हे विचारायची बुद्धी अख्ख्या गल्लीत कोणाला झाली नव्हती.

कोंडलेल्या माणसाला काम काय? ऐकायचं. भांडं गुरगुरलं की धाकटी कंगव्याच्या दातानं भिंतीवर एक रेघ ओढायची. तिसऱ्या दिवशी तिच्या ध्यानात आलं, की गुरगुर येण्याआधी बाहेरच्या मोठ्या पाईपातून पाणी धडधडत खाली येतं. मोठ्या घरात, वरच्या मजल्यावर कोणी फ्लश सोडला की इकडे गुर्र. रेघा एकाहत्तर झाल्या, एकदाही फरक पडला नाही. बाबाच्या प्रयोगाआधी त्याचा चेला, चांगला पन्नाशीचा, ढेरपोट्या, "हातपाय धुऊन येतो" म्हणून वर जायचा. एवढा स्वच्छतेचा सोस असलेल्या माणसाची नखं मात्र काळी होती.

तिने गजांतून सासूला सांगून पाहिलं होतं. "आई, तो चेला वरून फ्लश सोडतो हो."

"तू नाही, ती बोलतेय," सासू म्हणाली आणि पाठ फिरवली.

ठीक आहे, धाकटीने मनाशी म्हटलं. मग तीच बोलू दे.

तिने केस मोकळे सोडले, गज धरले आणि पोटातून आवाज काढला. "बाबाऽऽ! मला पुन्हा पाणी हवंय!"

गर्दी दोन पावलं मागे सरली. बाबा खूश. "बघा! स्वतः मागतेय!"

"पण चेला माझ्यासमोर बसेल! जागचा हलला तर एकेकाच्या घरी येईन!"

चार जणांनी चेल्याला धरून खिडकीखाली बसवलंच. "अहो, मला हातपाय…" तो पुटपुटला.

"गप बैस की मेल्या, आमच्या घरी यायची ना ती!" शेजारीण खेकसली.

भांड्यात बादली ओतली. बाबाने मंत्र म्हटला, दोनदा म्हटला, मग घसा बसेपर्यंत म्हटला. पाणी जिथल्या तिथे.

"तहान भागली वाटतं तिची," मागून कोणीतरी म्हणालं. एक जण फिस्सकन हसला.

"सासूला वर पाठवा! फ्लश सोडू दे!" धाकटी पुन्हा त्याच पोटातल्या आवाजात गरजली.

सासू गेली. पाईप धडधडला. गुर्र… गळ्ळ.

धाकटीने केस बांधले आणि आपल्या नेहमीच्या आवाजात म्हणाली, "मिस्त्रीकाका, तुम्ही बांधलंत ना हे? सांगा आता."

मिस्त्री बारा दिवस मान खाली घालून गर्दीत उभा राहत होता. तो पुढे आला. "भांड्याच्या वळणात पाणी राहतं. ते बूच असतं, खालची घाण वर येऊ देत नाही. वरून लोंढा आला की पाईप हवा मागतो. हवेला वाट नसली तर तो या बुचातूनच ओढतो. बूच गेलं की घाण आत. मी हवेचा पाईप छपराच्या वर काढला होता. मालकीणबाईंनी कापायला लावला. पाहुण्यांना दिसतो म्हणाल्या."

"कुठं आहे तो?" धाकटीने विचारलं.

मिस्त्रीने फुलांच्या कुंडीकडे बोट केलं. त्याच कुंडीला लोक बारा दिवस नवसाचे दोरे बांधत होते. ती उचलली. खाली कापलेला पाईप, तोंडात सिमेंटचा गोळा. हातोडीच्या तीन घावांत गोळा फुटला. भांड्यात पाणी ओतून बूच पुन्हा भरलं. पाईपाच्या तोंडावर मिस्त्रीने वर्तमानपत्राचा कपटा धरला आणि वर सासूला हाक दिली. पाणी धडधडलं, कपटा सुर्रकन आत ओढला गेला. भांड्यातलं पाणी जरासं डुचमळलं आणि गप्प झालं.

लोक भांड्यावरून नजर काढून बाबाकडे वळले, तेव्हा दारात नुसतं अत्तर उरलं होतं.

सासू जिना उतरून आली. तिने कुंडी पाहिली, पाईप पाहिला आणि कडी काढली. "मला वाटलं…" ती म्हणाली.

"वाटलं नाही आई, बघितलं नाहीत," धाकटी म्हणाली. "घरात काही गुरगुरलं तर आधी पाईप कुठं जातो ते बघावं. माणसाला कोंडणं सगळ्यात शेवटी. खरं म्हणजे तेव्हाही नाहीच."

बायांनो, बाप्यांनो, हिशोब सोपा आहे. चाळीस जणांनी हात जोडले, एकीने रेघा ओढल्या. बरोबर रेघा निघाल्या.

मिस्त्री नवा पाईप घेऊन आला, पण भिंतीला आवळायला पट्टीचे स्क्रू कमी पडले. धाकटीने स्क्रूड्रायव्हर त्याच्याकडून घेतला आणि दाराची बाहेरची कडी स्वतः खोलायला बसली. चार स्क्रू निघाले. चारही पाईपाला लागले.