पाठमोरा साक्षीदार

मी लेडीज टेलर. तीस वर्षं बायकांची मापं घेतोय, तीही नजर टेपच्या आकड्यावरून न हलवता. गल्लीत माझं नाव आहे ते त्यासाठीच. मास्तर वर बघत नाहीत, म्हणतात. मलाही त्याचा तोरा होता, खोटं कशाला बोलू?

दुकानाच्या वर एक घड्याळं दुरुस्त करणारा आणि त्याची बायको राहायची. एका दुपारी पोलिसांची गाडी थांबली आणि साहेब थेट माझ्या मशीनपाशी आले.

"मास्तर, चला वर. झडती आहे, साक्षीदार लागतो."

"साहेब, बाही लावतोय."

"बाही काय पळून जातेय?"

माझी चेष्टा करणाऱ्याला मी सोडत नाही. पण कमरेला पिस्तूल असलेल्या माणसाच्या विनोदाला मी हसतो.

वर शिपायांनी कपाट उघडलं आणि वहिनींचे कपडे पलंगावर फेकायला सुरुवात केली. आधी बाहेरचे, मग आतले. बरेचसे मीच शिवलेले. वहिनी भिंतीला टेकून उभ्या होत्या, चेहरा पांढराफटक. मला कानकोंडं झालं. परक्या बाईचे आतले कपडे काय डोळे फाडून बघायचे? मी दारातच पाठ फिरवली आणि जिन्याकडे बघत राहिलो.

"हे घ्या, सापडलं," मागून आवाज आला. वळलो तर साहेबांच्या हातात नशेच्या पावडरची पुडी. "ही माझी नाही हो," घड्याळवाला म्हणत राहिला. माझ्यापुढे कागद आला. पुडी कपाटातून निघताना मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली, असं त्यावर लिहिलं होतं. मी सही केली. बाही राहिली होती ना.

वर्षभराने खटला उभा राहिला. त्या कागदावर माझ्याखाली सही करणारा दुसरा साक्षीदार पोलिसांच्या ठेवणीतला निघाला, दर झडतीला त्याचीच सही. कोर्टाने त्याला उडवून लावलं. उरलो मी. घड्याळवाल्याच्या वकिलांनी वरच्या कोर्टाचा एक निकाल वाचून दाखवला. माणसाचं घर हे त्याचं खासगी असतं. पोलिसांना तिथे हात घालायचा तर तिऱ्हाईत माणसाची नजर झडतीवर पहिल्यापासून शेवटपर्यंत हवी. ती नसेल तर सापडलेली वस्तू पुरावा म्हणून चालणार नाही. म्हणजे मी 'पाहिलं नाही' एवढं म्हटलं की तो सुटणार होता. वहिनींनी साक्षीत सांगितलंही, की मास्तर पाठ करून उभे होते. पण त्या पडल्या आरोपीची बायको.

माझ्या साक्षीच्या आदल्या दिवशी साहेब दुकानात येऊन स्टुलावर बसले. फार गोड बोलले. "मास्तर, खोट्या कागदावर सही करणाराही आत जातो बरं का. मग हे दुकान कोण बघणार?" घरी बायको म्हणाली, "जगाचा न्याय करायचा मक्ता आपण घेतलाय का? आपलं बघा."

कोर्टात घड्याळवाल्याच्या वकिलांनी विचारलं, "पुडी कपाटातून निघताना तुम्ही पाहिलीत?"

"पाहिली," मी म्हणालो.

घड्याळवाल्याला सात वर्षांची शिक्षा झाली. निकालपत्रात माझी स्तुती आहे. प्रतिष्ठित, निःपक्षपाती आणि विश्वासार्ह, असं लिहिलंय. ती पुडी कपाटात होती की कुणाच्या खिशात, मला आजही माहीत नाही. एवढंच तर मला सांगायचं होतं, आणि तेवढंही माझ्याने झालं नाही.

परवा वहिनी दुकानात आल्या. वाटलं, शिव्या घालतील. शिव्या परवडल्या असत्या.

"तुम्ही त्या दिवशी पाठ फिरवलीत ना मास्तर, तेव्हा मला फार बरं वाटलं होतं," त्या म्हणाल्या. "एवढ्या माणसांत एकाला तरी माझी लाज वाटली."

मी सुईत दोरा ओवायला घेतला.

"आम्ही अपील करतोय. जे झालं ते खरं लिहून द्याल? वकील म्हणतात, अजून उपयोग होईल."

"वहिनी, मलाही घरदार आहे हो."

"आम्हालाही होतं," त्या म्हणाल्या.

त्या तिथेच उभ्या राहिल्या. मी मशीन सुरू केलं.