सुदृढ बाळाची डबी

दामारच्या गालांना सगळं सुंबरवारू गाव भुललं होतं.

दीड वर्षाचं पोर, आणि गाल असे की वाफेवरून नुकत्याच उतरवलेल्या पावासारखे. महिन्याच्या वजनाला त्याला झोळीत घालून काट्याला टांगलं की काट्याची दांडी कलायची आणि बायांच्या भुवया वर जायच्या. ऑगस्टातल्या सुदृढ बाळ स्पर्धेत त्याचाच पहिला नंबर आला. बापाने, तोहिरने, प्रमाणपत्र काचेत बसवून बैठकीच्या भिंतीवर लावलं, स्वतःच्या बापाच्या फोटोपेक्षा वीतभर उंच. आई विजी येताजाता त्या काचेवरून पदर फिरवायची. पुढे तीच काच तिला डोळ्यांसमोर नको झाली.

सुरुवात एप्रिलात झाली होती. दामारच्या मानेच्या वळ्यांत आणि कोपरांच्या आत लाल पुरळ उठलं. पोर खाजवून खाजवून रडायचं. उसाच्या मुलखात उन्हाळ्यात कोणत्या पोराला घामोळं होत नाही? पण हे जाईना. तेव्हा बू हार्तातिकने तिला एक पांढरी डबी दिली. गावातल्या लेकरांचं वजन करणाऱ्या बायांची ही मुख्य, वजनाचा काटाही तिच्याच ओसरीवर टांगलेला. मोठी बाई म्हणून सगळे तिला नुसतं ‘बू’ म्हणायचे. डबीवर ना नाव, ना गाव, नुसतं एक हिरवं पान.

“झाडपाल्याचं आहे गं. सकाळ-संध्याकाळ लाव. तीन दिवसांत पोर लोण्यासारखं होतं की नाही बघ.”

झालं की खरंच! तिसऱ्या दिवशी पुरळ गायब. लावायचं थांबवलं की पुन्हा उठायचं, पुन्हा लावलं की जायचं. मग विजीने थांबवणंच सोडून दिलं. डबी संपली की बू हसत दुसरी द्यायची. पावसाळा आला, गाल फुगले, स्पर्धा झाली, काच लागली. कोपरांच्या आतली कातडी कांद्याच्या सालीसारखी पातळ होऊन खालच्या लाल रेघा दिसायला लागल्या, कपाळावर बारीक लव आली, तेव्हा बू म्हणाली, “पोर गोरं होतंय. नशीबवान आहेस.”

नोव्हेंबरात दामारला स्वतःचंच नख लागलं. एवढासा ओरखडा, पण दहा दिवस भरेना. विजी त्याला घेऊन मोठ्या दवाखान्यात गेली. तिथली डॉक्टरीण वयाने तिच्याच एवढी. तिने पोराचे गाल बघितले आणि हसली नाही. दामारचे गाल बघून न हसलेलं हे पहिलंच माणूस.

“डबी आणलीय?”

विजीने डबीचं नावसुद्धा काढलं नव्हतं. तिचा हात पिशवीत गेला.

“आणली असेल तर द्या. सगळ्याच आणतात.”

डॉक्टरणीने झाकण उघडलं, वास घेतला, बंद केलं. “हे गाल तब्येतीचे नाहीत, बाई. औषधाचे आहेत. यात झाडपाला नाही, जालीम औषध आहे. पोराच्या कातडीतून आत मुरलंय.”

“पण आमच्या बूने दिलं. वजनवाल्या.”

डॉक्टरणीने कपाटातून एक वही काढून विजीपुढे धरली. “मार्चमध्ये आसपासच्या सगळ्या गावांतल्या वजनवाल्या बायांना बोलावून आम्ही हीच डबी दाखवली होती. लहान पोरांना हे लावू देऊ नका म्हणून सांगितलं. सह्याही घेतल्या.”

सुंबरवारूच्या पुढे हार्तातिकची सही होती. गोल, वळणदार. विजीला ती ओळखायला वेळ लागला नाही. घरच्या प्रमाणपत्राखाली तीच होती.

मार्च. आणि पहिली डबी एप्रिलातली.

“एकदम बंद करायचं नाही,” डॉक्टरीण सांगत होती, “मी देते ते सौम्य मलम हळूहळू कमी करत न्यायचं. कोमट पाणी, साबण जवळजवळ नाहीच, सुती कपडे, नखं कापलेली. आणि ऐका, बरं व्हायच्या आधी पुरळ वाढेल. लोक बोलतील. तुम्ही डगमगू नका.”

पुरळ वाढलं. कसं वाढलं! पोराचं अंग सोललेल्या टोमॅटोसारखं झालं. रात्ररात्र किंचाळायचं आणि दिवसा विजीच्या खांद्यावर गाल घासायचं. सकाळी भाजीवाल्याची फटफटी बांबूच्या बेटाशी उभी राहिली की साऱ्या बाया गोळा व्हायच्या. तिथे विजीने सगळं सांगितलं. डबीचं, सहीचं, मार्चचं.

शेजारची सुमिनी हातातल्या शेंगा निवडत म्हणाली, “पोर पहिल्या नंबराचं होतं. तू दवाखान्यात नेऊन त्याचं भरीत केलंस आणि बोट बूकडे दाखवतेस होय?”

“डबी बंद केली आणि पोर असं झालं. म्हणजे डबीच बरी होती की!” दुसरी म्हणाली. दिसायला खरंच तसं होतं.

तेवढ्यात बू स्वतः आली. चढा आवाज नाही, राग नाही. तिने विजीच्या दंडावरून हात फिरवला आणि बायांना म्हणाली, “तिला काही बोलू नका गं. लेकरू आजारी असलं की आईचं डोकं थाऱ्यावर नसतं. आपणच समजून घ्यायचं.”

बायांनी माना हलवल्या. विजीला त्या क्षणी बूने थोबाडीत मारली असती तर बरं वाटलं असतं. शिवी परतवता येते. कीव कशी परतवणार?

त्या दिवसापासून विजीच्या डोक्यात एकच किडा. दामार कधी बरा होईल ते डॉक्टरीण बघेल, पण या बाईला गावासमोर उघडं करीन तरच नावाची विजी. नाहीतर एकोणीस घरांत ही डबी जात होती, जात राहिली असती, आणि पुढच्या ऑगस्टात आणखी एखादं पोर सुजून पहिलं आलं असतं.

बूला एक नात होती, किनासिह. सव्वा वर्षाची. तिची आई हाँगकाँगला कुणाच्या तरी घरी कामाला. पोर आजीच्याच अंगाखांद्यावर वाढत होती. मोठ्यांनी कितीही तोंडं फिरवली तरी पोरांची अंगणं एकच. एका दुपारी किनासिह डुलत डुलत विजीच्या ओट्याशी आली. मान घामोळ्याने भरलेली. आणि त्या घामोळ्यावर पांढरे सुकलेले ओघळ.

विजीने बोटाने एक ओघळ खरवडून नाकाशी नेला. तांदूळ. आठ दिवस भिजवून, कुजवून, वाटून केळीच्या पानावर थेंब थेंब वाळवतात ती तांदळाची गार गोळी, पाण्यात कालवून लावलेली. पणजीच्या काळचं औषध. डबीतलं टिपूसभर नाही.

स्वतःच्या नातीला तांदूळ, आणि माझ्या लेकराला विष!

दवाखान्यातून परत आणलेली डबी फळीवरच होती. विजीने ती कधी काढली आणि बोट कधी बुडवलं, तिचं तिलाच कळलं नाही. रोज दोनदा लावीन, तिच्या मनात आलं. पोर रोज इथे येते. त्या म्हातारीला कळणारसुद्धा नाही. सहा महिन्यांत हिचेही गाल पावासारखे होतील, मग बूला म्हणावं, लाव काचेत प्रमाणपत्र.

किनासिहने हनुवटी वर केली.

रोज आजी लावते तेव्हा करते तशी, डोळे मिटून, मान ताणून, गुदगुल्यांची वाट बघत. विजीचं बोट मानेपासून चार बोटांवर थांबलं. दामारही अशीच मान वर करायचा. सात महिने, दिवसातून दोनदा. लावणारी कोण होती? मीच ना!

तिने बोट खांबाला पुसलं, चांगलं रगडून पुसलं, आणि राखेने हात धुतले. पोरीला केळं देऊन घरी पिटाळलं. मग ती चुलीपुढे बसून राहिली, आणि उठली तेव्हा बेत पुरा झाला होता.

तिने मडक्यात तांदूळ भिजत घातले. पाचव्या दिवशी तोहिर नाक धरून आत आला.

“घरात काय मेलंय गं?”

“अजून नाही मेलं. थांबा जरा.”

आठव्या दिवशी तिने तांदूळ पाट्यावर लोण्यासारखा वाटला, वास मारायला पानं कुस्करून घातली, खोबरेल तेलाचे दोन थेंब टाकले. हिरव्या पानाची डबी उकळत्या पाण्यात तीनदा धुतली आणि तीत ते वाटण भरलं. पांढरं, गुळगुळीत. बघणाऱ्याला तीच डबी, तेच मलम.

वजनाच्या दिवशी बूच्या ओसरीवर पंचवीसेक बाया होत्या. पोरं रडत होती, काटा करकरत होता, बू टेबलापाशी बसून वहीत आकडे लिहीत होती. दामारला झोळीत घालताना बाया मुद्दाम दुसरीकडे बघत होत्या. तो उतरला आणि किनासिहची पाळी आली, तसं विजीने पुढे होऊन तिला उचललं.

“अगं बाई, केवढं घामोळं आलंय हिला! बू, लक्ष नाही का तुमचं?”

“उन्हाचं आहे. जाईल,” बू वहीतून मान वर न काढता म्हणाली.

“जाईल कसं? घालवायचं. तुमचीच डबी आहे माझ्याकडे.” विजीने कमरेची डबी काढून सगळ्यांना दिसेल अशी धरली. “तुमचंच औषध, तुमचीच नात. लावते हं.”

बूची लेखणी थांबली. “राहू दे, विजी. मी घरी लावीन.”

“हे घर नाहीतर काय बाजार आहे?” सुमिनी हसली. “लावू द्या की, बू. बघा, विजीची खोड मोडली. आता तीसुद्धा तुमचंच औषध लावतेय.”

विजीने बोटभर पांढरं मलम घेतलं. किनासिहने डोळे मिटून हनुवटी वर केली.

“ठेव तिला खाली!”

टेबल कलंडलं. वही, पेन, चहाचा पेला, सगळं जमिनीवर. साठीची बाई तीन ढांगांत ओसरी ओलांडून आली आणि तिने विजीच्या मनगटावर असा फटका मारला की डबी उडून पायरीवर पडली.

“हात लावू नको तिला! लहान पोराला लावायचं नसतं ते!”

काटा हलत होता.

“लहान पोराला लावायचं नसतं?” विजीने सावकाश विचारलं. “मग माझा दामार काय साठ वर्षांचा होता?”

सुमिनीच्या मांडीवर तिची लेक होती, गुटगुटीत, लाल लाल गालांची. तिने लेकीचे गाल आज पहिल्यांदाच पाहिल्यासारखे पाहिले.

“बू,” ती म्हणाली, “मला तर काल दुपारीच नवी डबी दिलीत. म्हणालात, दोन वेळा लाव.”

विजीने बोट तोंडात घातलं आणि चाटून पुसून साफ केलं. “तांदूळ आहे. तुम्ही हिला लावता तोच. चोराच्या मनात चांदणं, बू.”

पुढचं सांगायला नको. बाया धावत घरोघरी गेल्या आणि हिरव्या पानाच्या डब्या आणून बूच्या पायरीवर आपटू लागल्या. आठवड्याच्या आत काटा तिथून निघाला आणि मशिदीच्या पडवीत टांगला गेला. वही दुसऱ्या बाईच्या हातात गेली. सुमिनी लेकीला घेऊन विजीबरोबर मोठ्या दवाखान्यात गेली. रिक्षातून उतरताना म्हणाली, “मी त्या दिवशी भरीत म्हणाले ना... जीभ झडो माझी.”

“झडू दे,” विजी म्हणाली. “पण आधी डॉक्टरणीला सगळं सांग, मग झडू दे.”

सूड चार दिवस गोड लागला. पाचव्या दिवशी दामारने कोपर खाजवून रक्त काढलं आणि विजीच्या लक्षात आलं की बूचं वाटोळं झालं म्हणून याची खाज एका नखाएवढीही कमी झालेली नाही. गाल मात्र उतरत होते. रोज थोडा थोडा तिचा खरा मुलगा बाहेर येत होता, बारीक तोंडाचा, मोठ्या कानांचा. तिने काचेतलं प्रमाणपत्र उतरवून चुलीत घातलं.

मग ईद आली. त्या दिवशी घराघरांत जाऊन मोठ्याचे हात हातात घ्यायचे, वर्षभराची माफी मागायची आणि द्यायची. नाही म्हणायचा रिवाजच नाही. वैऱ्यालाही त्या दिवशी कुणी नाही म्हणत नाही.

बू आली. अननसाच्या बिस्किटांची बरणी घेऊन, एकटीच. वाळली होती. विजीपुढे वाकून तिने दोन्ही हात पुढे केले.

“कळत नकळत जे घडलं असेल, विजी, मनापासून माफ कर.”

“कळत घडलं तेवढंच बोला,” विजी म्हणाली. “नकळतचं मी केव्हाच सोडलं.”

बूचे हात तसेच राहिले. “दर डबीला वाटायचं, ही शेवटची. बाया हात जोडायच्या गं माझ्यापुढे. पोर शांत झोपलं, बू, म्हणायच्या. ते ऐकायची चटक लागते.”

“माझं झोपत नाही.”

“माफ कर.”

“माझ्याकडे कसली मागता? ज्याची कातडी गेली त्याच्याकडे मागा. त्याला अजून बोलता येत नाही. येईल तेव्हा या.”

तोहिर पांढराफटक पडला. “अगं, आजच्या दिवशी नाही म्हणतं का कोणी?”

“मी म्हणते.”

बू बरणी ठेवून गेली. बिस्किटं तशीच्या तशी विजीने कोंबड्यांना घातली. बरणी घासली, पुसली, उन्हात वाळवली. आता आलेलं भांडं रिकामं परत पाठवू नये, हेही त्या गावात प्रत्येक लेकीबाळीला माहीत. तोहिर म्हणाला, “निदान चार केळी तरी घाल त्यात.”

“घालते ना.”

पायरीवरच्या डब्या तिने त्या दिवशीच गोणीत भरून आणून ठेवल्या होत्या. एकेक धुऊन तिने बरणीत रचली. अठरा बसल्या, एकोणिसावी दाबून बसवली. मग झाकण लावलं, दामारला कापडाच्या झोळीने कमरेला बांधलं आणि भर दुपारी निघाली.

बूची ओसरी पाहुण्यांनी भरलेली होती. हाँगकाँगची लेकही आली होती, किनासिहला मांडीवर घेऊन बसलेली. टेबलावर फराळाच्या बरण्यांची रांग लागली होती. विजीने आपली बरणी त्या रांगेत मधोमध ठेवली.

“तुमचं भांडं, बू. रिकामं नाही आणलं.”

बूने बरणीकडे पाहिलं आणि तिला कळलं. ती उठायला गेली, पण त्याआधीच एका दूरच्या म्हाताऱ्या आत्याने बिस्किटासाठी हात लांबवून झाकण फिरवलं होतं.

विजी बघायला थांबली नाही. झोळीत दामार मान खाजवू लागला होता. तिने चालता चालता त्याचं मनगट धरलं आणि घर येईपर्यंत सोडलं नाही.